अनंत, एकशे वीस

मांजरीच्या रस्त्याला आमची रोपवाटिका.
तिथं पाणी मारायच्या तिसऱ्या दिवशी
अनंतातला न वाहून गेला.
वरचं टिंब तेवढं राहिलं,
कुंडीवर उरलं: अंत.
खाली माझ्या मार्करनं, रुपये एकशे वीस.

ती कुंडी घेतली एका गृहस्थांनी.
इस्त्रीचा शर्ट, जुनी कायनेटिक, मागं कुणी नाही.
पट्टी वाचली, चष्मा वर सारून परत वाचली,
घासाघीस केली नाही.
पाय ठेवायच्या जागी कुंडी ठेवून निघालेसुद्धा,
तेव्हा कुठं माझं लक्ष गेलं.

म्हणून बुधवारी तपकीर गल्ली,
जिथं तपकीर सोडून सगळं मिळतं.
पर्समध्ये पैसे, विटलेल्या पट्ट्या
आणि कपडे इस्त्री करायचा फवारा.

गुंदेचा म्हणाले, "प्रिंटर घराला की ऑफिसला?"
"कुंड्यांना."
त्यांनी चष्मा पुसला.

"ही शाईच्या टाकीची. पान पडतं बारा पैशाला."
मी 'अबोली' छापून घेतली, फवारा काढला, दोनदा मारला.
अबोली आधी जांभळी झाली, मग अगदीच अबोल.

"मग लेझर घ्या. पावडर आहे, पाण्याला भीत नाही."
अक्षरं नव्हती भीत.
कागद भ्याला, त्याचं पिठलं झालं.

"थर्मल! शाईच नाही तर वाहणार काय?"
ती पट्टी मी बाहेर नेली,
कुणाच्या तरी स्कूटरच्या सीटवर ठेवली, वर किल्ली.
एप्रिलचं ऊन. चहा येईपर्यंत
सदाफुली कडेनं काळवंडत आली,
पाकिटात राहिलेल्या एटीएमच्या पावतीसारखी.
केबल घ्यायला आलेला पोरगा हसला.
स्कूटर त्याचीच होती.

गुंदेचांनी पेन घेतलं, खोका पालथा घातला.
"ताई, महिन्याला किती पट्ट्या?"
"दोन हजार."
"खरं सांगा."

हेच बँकेनं विचारलं होतं, मेव्हण्यांनीही,
दोन्हीकडं मी दोन हजारच म्हणाले होते.
पण हातात फवारा असताना
खोटं काही नीट येईना.
"जून-जुलैत सातशे. दिवाळीला शेवंतीच्या दोनशे.
मे महिन्यात...
मे महिन्यात चाळीस."

त्यांनी चाळीस लिहिले. खाली रेघ मारली.
मोठं मशीन उचलून स्वतःच फळीवर परत ठेवलं.
"तौसिफ, ती रिबनवाली काढ. वापरलेली आहे, पण चांगल्या घरची.
प्लॅस्टिकच्या पट्टीवर रिबन वितळून बसते.
टाकीवालीला महिनाभर काम दिलं नाही की
तोंड मिटून बसते. ही रुसणार नाही.
फक्त काळं छापते."
"रंग झाडाला असतोच की," तौसिफ म्हणाला.

पाच वेळा फवारलं. अंगठ्यानं घासलं, मग नखानं.
मग त्याच्या चहात बुडवलं, त्याला विचारून.
अनंत हलला नाही.

साडेआठ हजार, तीन रिबनी वर.
बसमध्ये मांडीवर खोका,
हडपसरपर्यंत कंडक्टर दोनदा विचारून गेला,
टीव्ही आहे का म्हणून.

आता पट्ट्या यल्लव्वा लावते.
तिला वाचता येत नाही; पान चुरगळून वास घेते,
मग बरोब्बर त्याच झाडाला लावते, निम्म्या उलट्या.
मी सरळ करत बसत नाही. गिऱ्हाईक मान वाकडी करतं.

पहिली पट्टी गल्ल्यात ठेवली आहे, त्या गृहस्थांसाठी.
त्यांचा नंबर नाही. बिल नव्हतंच तेव्हा.
यल्लव्वा म्हणते, जाताना त्यांनी तिला विचारलं होतं,
पाणी किती दिवसांनी?
आणि ती म्हणाली होती, रोज.

म्हणजे एव्हाना
अंतही धुऊन गेला असेल.
एकशे वीस तेवढे असतील,
ते मी लिहिले होते,
मार्कर पक्का होता.