डेडस्टॉक

सोसायटीची वही माझ्याकडे असते.
सिडको, सहावी स्कीम. गच्चीवरून पांडवलेण्याचा डोंगर,
खाली तो मोकळा भूखंड,
जिथे चार वर्षं ज्याने त्याने आपलं फुटकं बेसिन आणून टाकलं.
मी लिहीत गेले :
मलबा उचलणे, ट्रॅक्टर, दोन खेपा.
गिरणाऱ्याहून लोखंडी अँगल, मोडलेल्या द्राक्षबागेचे, भंगाराच्या भावात.
शेणखत, सहा गोण्या. रिक्षावाल्याने सीट धुण्याचे वेगळे घेतले.

रुई विकत आणली नाही. ती होतीच,
बेसिनच्या भोकातून वर आलेली.
नसीमाआपांनी उपटू दिली नाही.
म्हणाल्या, कुणाचं तरी जेवण आहे ते.

मेथी-मिरची बी ब्लॉकने लावली.
भिंतीकडची वीस फूट पट्टी मात्र कुणासाठीच नाही,
असं मीटिंगमध्ये ठरलं, पाच विरुद्ध चार.
मी तसंच लिहिलं : कुणासाठीच नाही.
तळमजल्यावरच्या तन्मयीने ते खोडून वर लिहिलं : त्यांच्यासाठी.
खाडाखोडीवर मी सही केली. तसा नियम आहे.

कढीपत्त्यावर अळ्या आल्या
त्या पहिल्यांदा निंबाअण्णा भामऱ्यांना दिसल्या.
पिंपळगावकडचा माणूस, तीस वर्षं डावणीशी, भुरीशी भांडलेला.
पान कुरतडलेलं दिसलं
की त्यांचा हात आपोआप खांद्यामागे जातो, पट्टा शोधत.
लेकांनी जमीन विकली, अण्णांनी पंप तेवढा सोबत आणला,
बाल्कनीत, जुन्या लुगड्याखाली झाकून.
सातच्या आत अख्खी पट्टी फवारून झाली.
चांगलं काम केलेल्या माणसासारखे ते चहाला बसले.

मुलांनी मोजल्या. एकोणतीस.
काही हिरव्या, काही अजून हिरव्या न झालेल्या.
लहान असताना त्या पाखराच्या शिटेसारख्या दिसतात,
कुणी खाऊ नये म्हणून.
तन्मयीने काडेपेट्यांत भरल्या. दोन लागल्या.
अण्णांच्या दाराशी ठेवल्या. बेल वाजवली नाही.

याची नोंद कुठल्या रकान्यात करतात?
दोन दिवस मी वहीच उघडली नाही.

तिसऱ्या दिवशी अण्णा पंप घेऊन नळावर बसले.
धुण्याचा सोडा, राख, पुन्हा सोडा.
नोझल सुईने मोकळं केलं.
मग त्यातून पाणी. नुसतं पाणी,
धुकं पडावं तसं, रोज संध्याकाळी.
आम्ही रोज पानं हुंगून पाहायचो.
त्यांना दिसायचं. हुंगू द्यायचे.

आषाढ सरता सरता त्यांनी पंप सोसायटीला देऊन टाकला.
मी लिहिलं : डेडस्टॉक. पंप, पाठीवरचा, नग एक.
मीटरच्या खोलीबाहेर खिळ्याला अडकवला.
ज्याला लागेल त्याने न्यावा, काम झालं की परत लावावा.

दिवाळीआधी ऑडिटर आले. बागेचं उत्पन्न?
मिरची सव्वा किलो, ती दाखवता आली.
सातभाई दाखवता आले नाहीत.
ते सात नाहीतच, नऊ आहेत,
आणि साहेब येईस्तोवर त्यांचं भांडण आटोपलेलं असतं.

मग वस्तू मोजायला मीटरच्या खोलीकडे गेलो.
पंपाच्या पट्ट्यावर, बकलाच्या जरा वर,
एक कोष.
वाळक्या पानाचा रंग, कमरेभोवती एकच धागा,
आणि त्या धाग्यावर सगळा भार टाकून रेललेला,
खांबावर चढलेला वायरमन रेलतो तसा.
अण्णा आधीच तिथे उभे होते,
दोन्ही हात पाठीमागे, एकमेकांत घट्ट धरून.
"हलवायचा नाही," म्हणाले. "साहेबांना सांगा."

साहेबांनी चष्मा पुसला, रकान्यावर बोट ठेवलं.
वस्तूची सद्यस्थिती?

मी लिहिलं : वापरात आहे.

त्या संध्याकाळी पाणी बादल्यांनी घातलं.
एक बादली गळकी निघाली. तीही नोंदली.