पोटखराब

पाथर्डी फाट्याच्या अलीकडे, टायरच्या दुकानामागे
एक फाटक आहे, कडीऐवजी सुतळी बांधलेलं.
आत पावणेतीन एकर गवत
आणि एक तळं,
म्हणजे जुन्या वीटभट्टीचा खड्डा.

सातबाऱ्यावर अजून 'पोटखराब' असंच लिहिलंय.
गंगुर्डे हसतात. इथे नेमलेले ते एकटेच.
"पोटखराबात किती पोटं भरतात, ते मोजा," म्हणतात.

मी मोजते. दर रविवारी, सहा ते आठ.
चतुर अकरा. टाचण्या मोजू देत नाहीत.
ढोकरी एक, दगडासारखी.
पाणकोंबडीची पिल्लं चार. गेल्या खेपेला पाच होती.
पाचव्याचं काय झालं ते रकान्यात मावत नाही.
धामण मात्र बांधावर सुस्त पडली होती.

मंगळवारी समोरच्या सोसायटीचा अर्ज आला.
बेडकांनी झोप लागत नाही, गवतात डास होतात.
खाली छत्तीस सह्या, एक अंगठा.
आणि मागोमाग गवत कापायचं मशीन.

वाटेवरच्या खडीत टिटवीने चार अंडी घातलेली,
खडीच्याच रंगाची.
गंगुर्डेंनी आपली प्लास्टिकची खुर्ची उचलली,
वाटेत आडवी टाकली आणि उभे राहिले.
मशीनवाला सोपान, बाविशीचा पोरगा:
"कुठंयत अंडी?"
त्याला दिसेनात.
वाकला, उकिडवा बसला, टिटवी डोक्यावरून ओरडत गेली.
मग एक दिसलं.
मग त्याला पाय कुठे ठेवावा तेच कळेना.
मशीन बंद करून तो तसाच मागे मागे गेला,
आपल्याच पावलांत पाय टाकत.

म्हणतात, टिटवी पाय वर करून झोपते,
आभाळ पडलं तर पेलायला.
मी कधी पाहिलं नाही. लिहिलंही नाही.

पण परवा रात्री इथे थांबले होते.
बेडकांचा गिल्ला, आणि समोर खिडक्या, एकेक विझत जाणाऱ्या.
या खड्ड्यातून गेलेली माती
आता तिथे तिसऱ्या मजल्यावर उभी आहे,
टीव्हीमागे, देव्हाऱ्यामागे, पाळण्यामागे.
तिला हा आवाज ओळखीचा असेल का,
हे विचारायला मी जिना चढणार नाही.

खुर्ची अजून वाटेतच आहे.
गंगुर्डे भट्टीतली एक उरलेली वीट घेऊन
तिच्यावर बसतात.
अर्जाला उत्तर लिहितायत.
चौथा दिवस. "आपला विश्वासू" एवढंच झालंय.