शिंगांची भिंत

दार उघडल्यावर आपोलोनिया आधी माझ्या बुटांकडे बघतात.
"बाहेर काढा. खोऱ्यातली माती आत आणायची नाही,
डॉक्टरांनी सांगितलंय, तेव्हापासून."
मग हसतात. "सिल्वोनं कधी ऐकलं नाही, तुम्ही तरी ऐका."

फ्रिजवर नगरपालिकेचा कागद, कोपरे पिवळे पडलेले:
पालक लावू नये. सॅलड लावू नये.
गाजर जाड सोलावं. टोमॅटो चालेल.
मुलांचे हात जेवणाआधी, खेळल्यावर, झोपण्याआधी.
कागदावरचं मूल हात धुताना हसतंय.

आतल्या खोलीत अख्खी भिंत शिंगांची.
रो हरणांची, वीतभर उंच,
प्रत्येकाखाली लाकडी चकती, चकतीवर साल
ओझ्बेईंच्या तिरक्या अक्षरात.
अठ्ठावन्नपासून. मध्ये दोनच जागा रिकाम्या:
एकदा पाय मोडला होता,
एकदा, म्हणाल्या, मनच झालं नाही त्यांचं.

मी छोटा ड्रिल काढते.
शिंगाच्या बुडाशी, दिसणार नाही अशा जागी,
तपकिरीच्या चिमटीएवढी पूड पुरते मला.
खोलीत जळक्या केसांचा वास.
पाकिटावर साल लिहिते शिसपेन्सिलीनं.
हिच्यात शिसं नाही, नुसतं नाव उरलंय.
खोऱ्यात शिसं आहे, नाव कुणी घेत नाही.

शिंग दर वर्षी नवं येतं,
ऐन थंडीत, मखमली कातडीखाली, घाईघाईनं.
नर काय चरला, रानरास्पबेरीचा पाला की
धुराड्याखालच्या उतारावरचं गवत,
सगळं त्यात उतरतं.
हाड चुना मागतं
आणि चुन्याच्या रांगेत शिसंही येऊन उभं राहतं, मुकाट.
हाताला तसंच लागतं,
म्हणून हाड ठेवून घेतं.
शरद आला की शिंग गळतं, वर्ष मिटतं,
हरीण हलकं होऊन पुन्हा त्याच उतारावर.

"ओझ्बेई भट्टीवर. एकतीस वर्षं.
कॉफीत साखर घेत नसत.
तोंड मुळातच गोड आहे म्हणायचे.
मला वाटायचं, माझ्यासाठी म्हणतात."

चौऱ्याहत्तरचं शिंग सर्वांत देखणं,
मोत्यांसारख्या दाण्यांनी खडबडीत, पदक मिळालेलं.
त्या साली आकडा कुठवर जातो ते
बाकीच्या घरांच्या भिंतींवरून मला ठाऊक आहे.
मी ड्रिल चालू ठेवते.
त्या साली सिल्वो झाला, त्या सांगतात,
आणि शिंगाऐवजी माझ्याकडे बघत राहतात.

मी पाकिटं मोजत असते तेव्हा
त्या आतून काडेपेटी आणतात.
कापसावर सात दुधाचे दात,
एकाची कड किडलेली.
"गणितं यायची नाहीत त्याला.
एका जागी बसायचा नाही. शब्द उलटे लिहायचा.
आळशी म्हणायचो आम्ही.
ओझ्बेई हात उगारायचे, तेवढ्यापुरतं.
तेवढ्यापुरतंच नाही," त्या म्हणतात, "दोनदा पट्टासुद्धा."

बाहेर भट्टीचं धुराड तसंच उभं,
आता त्यात पाकोळ्या राहतात.
सिल्वो सीमेपलीकडे ट्रक चालवतो,
रविवारी फोन करतो, हवामानाचं बोलतो.

"यात किती आहे, सांगाल का मला?
त्याला नाही सांगणार.
निदान चूक कुणाची ते
मला कळलेलं बरं."

आकड्यातून ते कळत नाही,
असं म्हणायला मी तोंड उघडते
आणि काडेपेटी हातात घेते. वजन जवळजवळ नाहीच.
फॉर्मवर पहिला रकाना: प्राणी.
दुसरा: वर्ष.
मी पेन्सिलीला टोक काढायला लागते.
टोक चांगलं होतं.