पाव फेरा

बोहुश व्रानाने गाडी ढकलत आणली
तेव्हा मार्चचं उरलंसुरलं बर्फ त्याच्या बाहीवर होतं
आणि कपाळावर घाम.
"कार्बोरेटर गेला," म्हणाला.
सगळे तेच म्हणतात.
पोट दुखलं की माणसाला
शेवटी खाल्लेलंच आठवतं.

जावा, तीनशेपन्नास. वडिलांची.
टाकी चेरीच्या मुरंब्याच्या रंगाची.
पळते छान, चढावर तर विचारूच नका,
फक्त थांबली की मरते:
रेल्वे फाटकाशी, चर्चपुढच्या सिग्नलला,
बेकरीच्या दारात, पाव घेऊन येईस्तोवर.

मी आधी हात लावत नाही. ऐकते.
चोक ओढल्यावर तिसऱ्या किकला उठली,
निळा धूर सोडला.
चोक ढकलला, अडखळली.
मूठ पिळून सोडली तर खाली येईचना,
वारं प्यायलेल्या वासरासारखी
नुसती उधळत राहिली
आणि मग एकदम गप्प,
नाव घेऊन कुणी दटावल्यासारखी.

पायलट जेट काढून उजेडाकडे धरला.
भोक केसाएवढं, पण मोकळं.
फ्लोट ठीक. दोन्ही प्लग पांढुरके, राखेसारखे.
हिला पेट्रोल मिळत होतं.
हवा जास्त होत होती.

"हवेचा स्क्रू किती फेरे उघडाय?"
"बाबा लिहून ठेवायचे," म्हणाला,
घरी गेला
आणि गॅरेजमधल्या कपाटाचं दारच
उचकटून काखेत मारून आला.

आतल्या बाजूला पेन्सिलीने, बारीक अक्षरात:
एकोणऐंशी, दीड फेरा.
चौऱ्याऐंशी, दीड.
एक्याण्णव, सव्वा.
शहाण्णव, एक. शेजारी: थंडीमुळे?
मग पाऊण. मग अर्धा,
सालाशिवाय.
शेवटची ओळ कापऱ्या हाताची,
पाव.
तिच्याखाली बिजागरीचं छिद्र.

दर खेपेला स्क्रू थोडा आत,
म्हणजे दर खेपेला दुसरीकडून कुठून तरी
हवा थोडी जास्त.

गाडी कशीबशी चालू ठेवली,
ब्रशने जाड तेल सांध्यावर फिरवलं,
जिथे कार्बोरेटर इंजिनाला टेकतो तिथे.
सांध्याने ते गिळलं
आणि गाडी चार श्वास नीट घेऊन
पुन्हा कण्हायला लागली.

खोलून फ्लँजवर पोलादी पट्टी उभी धरली.
दोन्ही कानांना टेकली,
मधे उजेड.
"नट ते दर रविवारी आवळायचे," बोहुश म्हणाला,
"जेवणाआधी. सैल पडू नये म्हणून."
मी पट्टी पुसून ठेवली.

काचेवर पॉलिशपेपर, पाण्याचे थेंब,
गोल गोल, करडं पाणी, पुन्हा गोल.
"मी घासू?" म्हणाला. दिला.
पहिल्याच फेऱ्याला सगळा जोर लावला त्याने.
दाबू नकोस, म्हटलं,
हाताचं वजन पुरतं.
रेडिओवर हॉकीची मॅच लागून संपली
तेव्हा कुठे पट्टीखाली अंधार झाला.

नवं गॅस्केट. नट दोन बोटांनी,
मग पान्याने थोडं याला, थोडं त्याला,
बस.
स्क्रू टेकेपर्यंत आत,
आणि उलटा: एक. आणि अर्धा.

फाटक बंदच सापडलं.
मी मागे बसले होते.
लाकडाच्या ओंडक्यांची मालगाडी, संपता संपेना,
खाली इंजिन आपलं आपण बोलत होतं,
बिनघाईचं, दोन सुरांत,
आणि बोहुशचं मनगट
सवयीने पिळतच होतं, पिळतच होतं.
सोड, म्हटलं.
एकेचाळीस डबे मोजले मी.
फाटक वर गेलं, मागच्या स्कोडाने हॉर्न दिला,
तरी हा तिथेच,
दोन्ही हात मांडीवर.

दार तो विसरून गेला.
माझ्या भिंतीला टेकून आहे.
त्याच्यावर मी हातमोजे वाळत घालते.