अकरा नंबर

पहिल्या पार्सलात शालनने बेसनाचे लाडू घातले होते,
तुपाला हात न आखडता.
एकवीस दिवसांनी सुमेधचा निरोप आला :
लाडू मिळाले. हातोडीने फोडून खाल्ले.
चव चांगली होती, दात सगळ्यांचे शाबूत आहेत.
पुढच्या वेळी कामाचं काही पाठवा.

मग यादी.
बुरशीवरची पावडर, पायांसाठी. व्हॅसलीन, मोठी डबी.
दाभण. मेणाचा दोरा.
सेल, जमतील तितके,
इथे ते छातीशी धरून झोपावं लागतं, नाहीतर मरतात.
आणि मोजे. सुती नकोत, घाम गोठतो. लोकरीचे.
थापा सहा, बिस्वाल सात,
मुरुगेसन आठ, मी आठ,
सत्यवान अकरा.

मी बत्तीस वर्षं कॅम्पातल्या दुकानात
बुटक्या स्टुलावर काढली,
लोकांची टाच तळहातावर घेऊन.
चेहरे राहिले नाहीत लक्षात.
पण सहा नंबरचा माणूस मला कळतो,
जिना चढला तरी घरच्यांना पत्ता लागत नाही.
आणि अकरा म्हणजे दारातून वाकून येणारा,
बसायच्या आधीच सांगून टाकणारा, माझ्या मापाचं नसेलच तुमच्याकडे.
त्याला बूट बसला की शाळकरी पोरासारखा हसतो,
दुकानभर चालून दाखवतो.
सत्यवानला मी कधी पाहिलेलं नाही.
ओळखतो.

मे महिन्यात लोकरीचे मोजे!
स्वेटरवाले तिबेटी दिवाळीनंतर येतात.
रविवार पेठेत तिघे नुसतेच हसले,
चौथ्याने पाणी दिलं, म्हणाला, काका, सावलीत बसा जरा.
शेवटी आमचे जुने शेठ, मुस्तनसिरभाई,
सत्तरीत शिडी लावून माळ्यावर चढले,
वरूनच ओरडले,
अकरा? पुण्यात अकराचा पाय आहे कुणाचा?
पुण्यात नाही, मी म्हणालो.
ते तसेच खाली आले.
लुधियानाला फोन लावला. बिलात चारच जोड धरले.

खडकीच्या पोस्टात पार्सल काट्यावर ठेवलं.
नंबर, हुद्दा, नाव, युनिट, द्वारा ५६ एपीओ.
गाव नाही, तालुका नाही, कशाच्या समोर, कशाच्या मागे नाही.
खिडकीतल्या मुलीने विचारलं, आत काय?
मोजे, म्हणालो.
तिने टेपचा आणखी एक वेढा आपणहून मारला.

पुढची यादी गणपतीच्या आसपास आली.
सेल. पावडर. ओठांना लावायचं काहीतरी.
थापा सहा, बिस्वाल सात,
मुरुगेसन आठ, मी आठ.
शालनने दोनदा वाचली,
एक लिहायचा राहिला वाटतं, म्हणाली,
आणि कुकरची शिट्टी झाली नव्हती तरी गॅस बारीक करायला आत गेली.

रविवारी फोन लागला. वारा जास्त, तो कमी.
मी विचारलं, सेल पुरले का.
त्याने विचारलं, आईचा गुडघा, बोपोडीचं पाणी,
मेट्रोखालचा तो खड्डा बुजवला का.
दुकानात माप शिल्लक नसलं की
गिऱ्हाईकही उठत नाही, मीही उठत नाही,
मधे रिकामा खोका,
तसं झालं थोडा वेळ.
मग लाइन गेली.

बदली झाली असेल.
रजेवर गेला असेल, घरी लग्न असेल बहिणीचं.
बोटं जातात म्हणे तिकडे थंडीने,
तसं असेल तरी
दुसऱ्या पायाला लागेलच की मोजा.
मी पाचही जोड भरले.
शालनने अकराच्या जोडात घड्या घालून
खडीसाखरेची पुडी सरकवली.
ती फोडायला हातोडी लागत नाही.

दिवाळी होऊन गेल्यावर चार ओळी आल्या :
पार्सल मिळालं, सगळं कामाचं होतं.
खडीसाखर वाटून खाल्ली.
अकरा नंबर मी रात्री हातांत घालतो, कोपरापर्यंत येतात.
पुढच्या वेळीही पाठवा.

मी कॅम्पात गेलो.
मुस्तनसिरभाईंना सांगितलं, अकरा ठेवत जा आता.
त्यांनी चष्मा पुसला, काही विचारलं नाही,
वही उघडून लिहून घेतलं.