निदान

घाडी सिस्टरची गाडी पिरनवाडीला माझ्या शेडात आली
तेव्हा चारी चाकांना जांबोटीची तांबडी माती
आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा.
एबीएस.
कणकुंबीच्या दवाखान्यात रोजची ड्युटी,
म्हणजे रोज तोच रस्ता, तीच वळणं.

आधी तिघांनी हात मारलेला.
एकानं पुढचा डावा सेन्सर बदलला, आठ दिवसांनी दिवा परत.
दुसरा म्हणाला पेटीच गेली, बेचाळीस हजार.
तिसरा म्हणाला बल्बच काढून टाकतो की,
कशाला डोक्याला ताप.

मी स्कॅनर लावला. सगळ्यांना जे सांगितलं तेच त्यानं मला सांगितलं:
पुढचं डावं चाक, सिग्नल नाही.
स्कॅनर चुगलखोर शेजाऱ्यासारखा,
भांडण कुणाच्या घरात ते सांगतो,
कशावरून, ते नाही.

"सिस्टर, दिवा लागतो कुठं?"
"कुठं म्हणजे? गाडीत."
"तसं न्हवं. रस्त्यावर कुठं?"
ती थांबली. बोटांवर वळणं मोजली, नाडी मोजावी तशी.
"देवराई संपली की डावीकडं पार आवळून घ्यावं लागतंय बघा, तिथं.
येताना नाही लागत कधी."

जॅक लावला. चाक उतरवलं.
सेन्सरच्या टोकाला लोहचुंबक,
आणि आमच्या मातीत लोखंड,
त्यामुळं तिथं तांबडी दाढी उगवलेली.
जुन्या टूथब्रशनं ती काढली.
रिंगचे दात मोजले, शेहेचाळीस, सगळे जागेवर.
(माझे एकोणतीस.)
मीटर लावला: अकराशे ओहम.
सेन्सर ठणठणीत. काढून टाकलेला आधीचाही ठणठणीतच असणार.

मग पेटीकडच्या टोकाला मीटर धरून बसलो
आणि मडिवाळला स्टिअरिंगवर बसवलं.
पोरगा बैलहोंगलचा, मराठी समजतं, बोलतो कानडीत.
मी उलटा. आमचं भागतं.
"डावीकडं घे. ए, सावकाश!"
"निधान," तो स्वतःलाच म्हणाला, "निधान."
त्याच्या भाषेत म्हणजे हळू.
माझ्या कानाला ते रोज निदान ऐकू येतं
आणि मी कान दुरुस्त करत नाही.

अकराशे. अकराशे. अकराशे एक.
स्टिअरिंग शेवटाला टेकलं
आणि मीटरवर काहीच नाही.
"सरळ कर." अकराशे.
"परत डावीकडं." गप्प.

वायर बाहेरून काळी, गुळगुळीत, शहाण्यासारखी.
कधीतरी कुणीतरी शॉकअब्सॉर्बर बदलला,
वायर धरणारी क्लिप परत बसवली नाही,
पाच रुपयांची.
तेव्हापासून आवळत्या वळणावर ती ताणली गेली,
आत तांबं एकेक तार करून तुटलं,
उरलं ते हिरवं पडलं.
सरळ रस्त्याला तुटकी टोकं एकमेकांना टेकून असायची,
लग्नकार्यात काही जोडपी असतात तशी.

चार चाकं आपापला वेग सांगत असतात.
एक गप्प झालं की पेटी
उरलेल्या तिघांचंही ऐकणं सोडून देते.
मला यात नवल वाटत नाही. मी बऱ्याच बैठकांना गेलोय.

सोल्डर, स्लीव्ह, थोडी ढील देऊन नवी क्लिप.
मच्छेच्या पुढं खडी सांडलेल्या रिकाम्या वाटेवर
चाळीसपर्यंत नेली आणि कच्चकन ब्रेक.
पायाखाली पेडल थरथरलं, घरघरलं,
गाडी सरळ थांबली.
आता चावी फिरवली की दिवा लागतो, तीन सेकंद, मग विझतो.
लागलाही पाहिजे.
हे त्या बल्बवाल्याला कोण सांगणार.

"पार्ट कुठला घातला?"
"पार्ट नाही. क्लिप. तीनशे द्या."
"क्लिपचे तीनशे?"
"विचारल्याचे."
तिनं पाचशेची नोट पुढं केली. "निदान एवढे तरी घ्या."
मडिवाळला वाटलं, सावकाश जाते म्हणाली.
"हौद्री सिस्टर," तो म्हणाला, "निधान."

फाट्यावर तिचा इंडिकेटर लुकलुकला.
मी हात धुतले.
पाणी तांबडं गेलं, मग काळं,
मग परत तांबडं.