प्रकरण एक्केचाळीस

एक्केचाळिसाव्या प्रकरणात मी कुमुदला
निमाणी स्टँडवर उभी केली,
हातात पिशवी, पिशवीत कुणाचा तरी चष्मा,
आणि लिहिलं: क्रमशः.

त्याला तीन आठवडे झाले.

सातपूरचे गांगुर्डे म्हणतात, चष्मा नवऱ्याचाच.
देवळालीची शेहनाज म्हणते, तो गेलाय हे
तुम्हाला सव्विसाव्यातच ठाऊक होतं, लपवलंत.
(नव्हतं. आता आहे.)
कुणी नुसतंच विचारतं, गुरुवारी तरी?

कंपनीच्या कँटीनमध्ये मी बेचाळीस उघडतो.
एक ओळ. खोडतो. चहा.

काल रेवती बोडकेचा निरोप आला, नाशिकरोडहून:
मी रोज निमाणीवरूनच बस धरते.
तिची बस एवढ्यात नका आणू,
पण तिला बसायला तरी सांगा.

बेचाळीस:
बाकावर कुणीतरी जरा सरकलं.